हातातल्या खेळाची पुढची लढाई कोण जिंकेल? गंजिफा, मेंढीकोट आणि निन्टेन्डो यांच्या इतिहासातून एक अंदाज

१.
हँडहेल्ड गेमिंग कन्सोलच्या बाजारात पुन्हा एकदा मोठी लढाई उभी राहिली आहे आणि 'कोण जिंकणार' या प्रश्नावर समाजमाध्यमांत तट पडले आहेत. या धाग्यात माझा अंदाज मांडतो आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो: विक्रीच्या आकड्यांत निन्टेन्डो जिंकेल. मात्र सोलापूर, पुणे किंवा कोल्हापूरच्या मुलांच्या दृष्टीने त्या विजयाला फारसा अर्थ नसेल. तसे का, हे समजून घ्यायचे तर सावंतवाडीच्या राजवाड्यापर्यंत मागे जावे लागते. धागा मोठा आहे, सवडीने वाचा.

२.
प्रथम आखाड्यातले मल्ल पाहू. निन्टेन्डोचा स्विच २ हा ५ जून २०२५ रोजी बाजारात आला आणि पहिल्या चार दिवसांत त्याची ३५ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ पासून मैदानात आहे. तो वस्तुतः हातात धरायचा संगणकच होय. त्याच वाटेने आसूसचा आरओजी अ‍ॅलाय, लेनोव्होचा लीजन गो आणि एमएसआयचा क्लॉ आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आसूसच्या साहाय्याने एक्सबॉक्सचे नाव लावलेली दोन यंत्रे उतरवली. सोनीचा प्लेस्टेशन पोर्टल २०२३ पासून आहे, पण तो मुख्यतः घरातल्या प्लेस्टेशनवरचा खेळ हातात आणून दाखवणारा पडदा आहे.

३.
यांची चर्चा बहुधा तक्ते मांडून होते: प्रोसेसर कोणाचा, पडदा किती इंचांचा, मेमरी किती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे तक्ते पाहून थोडे हसू येते. गेल्या पस्तीस वर्षांतल्या हँडहेल्डच्या बहुतेक मोठ्या लढायांत तक्त्यावर सरस दिसणारे यंत्रच हरले आहे. एखाद्या वेळी असे घडले असते तर योगायोग म्हटला असता. वारंवार घडते तेव्हा त्यामागची कारणे शोधावी लागतात. ती कारणे बॅटरीच्या आणि विजेच्या युगाहून जुनी आहेत, आणि आपल्याकडे ती पत्त्यांच्या इतिहासात स्वच्छ दिसतात.

४.
गंजिफा हा गोल पत्त्यांचा खेळ. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ सालच्या नोंदीत त्याने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याचा उल्लेख आहे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या पत्त्यांचे वर्णन केले आहे. पुढे दख्खनमध्ये आणि कोकणात या परकीय खेळाने देशी रूप घेतले. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, अशी एकूण १२० पाने असतात. दिवसा खेळताना ज्याच्या हाती राम त्याने खेळाला आरंभ करायचा आणि रात्री ज्याच्या हाती कृष्ण त्याने, असा रूढ नियम होता. सावंतवाडीचे चितारी ही पाने हाताने रंगवीत.

५.
या गंजिफेच्या दोन प्रती असत. एक 'दरबार कलम' आणि दुसरी 'बाजार कलम'. दरबारासाठी हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीवरचे नाजूक चित्रण. बाजारासाठी कापड वा कागदाच्या थरांवर खळ देऊन, साध्या रेषांत, भराभर रंगवलेली पाने. नियम दोन्हींचे एकच. राजाच्या हातातला वराह आणि वाण्याच्या हातातला वराह खेळात सारख्याच किमतीचा. हँडहेल्ड कन्सोलच्या इतिहासाकडे पाहताना ही विभागणी मला फार उपयोगी वाटते. प्रत्येक काळात एक दरबार कलम असते आणि एक बाजार कलम. चर्चा दरबाराची होते आणि घरोघर बाजार कलम पोहोचते.

६.
गंजिफा मागे का पडली? तिचे सौंदर्य कमी झाले म्हणून नव्हे. छापखान्यात निघणारा बावन्न पानांचा कॅट आला. एकशे वीस पाने हाताने रंगवायला लागणाऱ्या वेळात छापखाना कॅटांचा ढीग घालू शकत होता. नवी पाने स्वस्त होती, चौकोनी असल्याने हातात नीट बसत होती, भिजली वा फाटली तरी हळहळ वाटत नव्हती. दहा रंगांऐवजी चारच लक्षात ठेवायचे होते. सावंतवाडीची कला तर जवळपास संपलीच होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कलावंत बसवून ती जगवली. आज गंजिफा जपली जाते आणि बावन्न पाने खेळली जातात.

७.
पण गोष्ट इथे संपत नाही. त्या परकीय कॅटावर परकीय राजे-राण्या होत्या. खेळ मात्र आपण आपले बसवले. मेंढीकोट घ्या. चौघे, दोन जोड्या, प्रत्येकाला तेरा पाने, हुकूम, आणि सारी धडपड चारही दश्श्या आपल्या पदरात पाडण्याची. पाच-तीन-दोन, झब्बू, बदाम सात हेही तसेच. त्यासाठी कोणाचा परवाना काढावा लागला नाही. कॅट कोणी छापला याच्याशी मेंढीकोटाला कर्तव्य नव्हते. गावागणिक नियम बदलले, हुकूम ठरवण्याच्या रीती बदलल्या, वाद झाले, आणि खेळ आणखी पक्का झाला. हा मुद्दा लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

८.
आता क्योतो शहरात जाऊ. २३ सप्टेंबर १८८९ रोजी फुसाजिरो यामाउची या कारागिराने तिथे हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. त्या व्यवसायाचे नाव निन्टेन्डो. म्हणजे आज आपण ज्या कंपनीच्या विजयाचे अंदाज बांधतो आहोत ती मुळात चिताऱ्यांच्याच धंद्यातली. फरक एवढाच की ती छपाईकडे वळली, मग खेळण्यांकडे वळली, आणि काळाबरोबर पाने बदलत राहिली. पत्ते विकणाऱ्याला एक गोष्ट मुरलेली असते: कागद कितीही भारी वापरला तरी गिऱ्हाईक डावासाठी येते.

९.
१९६५ मध्ये गुन्पेई योकोई नावाचा तरुण निन्टेन्डोत पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला लागला. पुढे तो कंपनीचा खेळणी घडवणारा प्रमुख झाला. १९७०च्या दशकात शार्प आणि कॅसिओ यांच्या स्पर्धेत गणकयंत्रे अतिशय स्वस्त झाली होती. त्यांतला एलसीडी पडदा आता नवलाचा राहिला नव्हता. रेल्वेत एक प्रवासी वेळ घालवण्यासाठी गणकयंत्राच्या कळा दाबत बसलेला योकोईने पाहिला आणि त्यावरून त्याला छोट्या खेळयंत्राची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' बाजारात आला. या मालिकेची सुमारे ४ कोटी ३४ लाख यंत्रे विकली गेली.

१०.
योकोईने आपल्या पद्धतीला दिलेल्या नावाचा आशय असा: जुने होऊन 'सुकलेले' तंत्रज्ञान घ्यावे आणि त्याचा अनपेक्षित उपयोग करावा. सुकलेले म्हणजे निकामी झालेले नव्हे. ज्याचे दोष माहीत झाले आहेत, जे भरपूर तयार होते, जे बिघडले तर दुरुस्त होते आणि ज्याची किंमत उतरली आहे, असे. सोलापूरकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. या शहरात जुने माग विकत घेऊन, दुरुस्त करून, त्यांवर नवा माल काढण्याची परंपरा आहे.

११.
१९८९ साल या पद्धतीच्या कसोटीचे होते. एप्रिलमध्ये जपानमध्ये गेम बॉय आला: हिरवट पडदा, चार छटा, पाठीमागून उजेड नाही. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचा लिंक्स आला: रंगीत, उजळ, कितीतरी अधिक ताकदवान. १९९० मध्ये सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत. पण अमेरिकेत गेम बॉय सुमारे नव्वद डॉलरला होता आणि लिंक्स सुमारे एकशे ऐंशीला. गेम बॉयला चार पेन्सिल सेल पुरत आणि ते पंधरा तासांच्या आसपास किंवा अधिकही चालत. इतर दोघांना सहा सेल लागत आणि चार-पाच तासांत ते संपत. शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशांतून सेल आणायचे असतील तर रंगीत पडद्याचे कौतुक किती दिवस टिकणार?

१२.
निकाल सर्वांना ठाऊक आहे. गेम बॉय आणि त्याचा रंगीत वारस मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक विकले गेले. गेम गिअर सुमारे १ कोटी ६ लाखांवर थांबला. लिंक्स त्याच्याही फार मागे राहिला. पुढे २००४ मध्ये सोनीने पीएसपी आणला. चित्र, ध्वनी, ताकद या सर्वांत तो निन्टेन्डोच्या डीएसहून उजवा होता. तो सुमारे ८ कोटी विकला गेला, हे अपयश म्हणता येणार नाही. पण डीएस १५ कोटी ४० लाखांवर गेला. २०११ मध्ये सोनीचा व्हिटा आणि निन्टेन्डोचा थ्रीडीएस समोरासमोर आले. व्हिटाला सोनीचीच महागडी मेमरी कार्डे लागत. थ्रीडीएसही आरंभी महाग होता. तो चालेना, तेव्हा निन्टेन्डोने सहा महिन्यांच्या आत अमेरिकेतली किंमत २५० डॉलरवरून १७० वर आणली. थ्रीडीएस वाचला. व्हिटा वाचला नाही.

१३.
एवढ्यावरून 'स्वस्त ते जिंकते' असा नियम काढण्याचा मोह होतो. तो घाईचा ठरेल. योकोईचेच दोन पराभव पाहा. १९९५ मधला त्याचा व्हर्च्युअल बॉय साफ कोसळला. त्यानंतर तो निन्टेन्डोतून बाहेर पडला आणि बांदाई कंपनीसाठी वंडरस्वानच्या रचनेत सहभागी झाला. १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात त्याचा मृत्यू झाला. यंत्र १९९९ मध्ये आले. किंमत केवळ ४,८०० येन, एका सेलवर तीस तासांच्या आसपास चाले. स्वस्ताई आणि टिकाऊपणा यांत त्याने गेम बॉयलाही मागे टाकले होते. तरीही ते हरले.

१४.
कारण तोवर १९९६ मध्ये सातोशी ताजिरी यांचा पोकेमॉन आला होता. दोन गेम बॉय एका तारेने जोडून मुले आपापले प्राणी एकमेकांना देत होती. एकट्याने पुरा होऊच शकत नाही असा तो खेळ होता. त्याआधी मॉस्कोत १९८४ मध्ये अलेक्सेय पाजित्नोव यांनी रचलेल्या टेट्रिसने गेम बॉयला मोठ्या माणसांच्या हातांत नेले होते. मित्रांकडे जे यंत्र आहे तेच आपल्याला हवे असते. मेंढीकोटालाही चौघे लागतात. म्हणून हातातल्या खेळाच्या विजयाच्या तीन अटी दिसतात: परवडणारी किंमत, दिवसभराची सोबत, आणि ज्यांच्याशी खेळायचे ती माणसे. तिसरी नसेल तर पहिल्या दोन पुरत नाहीत.

१५.
मग भारतात काय घडले? आपल्याकडे ही लढाई कधी थेट झालीच नाही. आपल्याकडे नेहमी बाजार कलम आले. १९९०च्या दशकात '९९९९ इन वन' असे छापलेला ब्रिक गेम गावोगाव पोहोचला. तो टेट्रिसचा निनावी वारस होता; कंपनीचे नाव कोणी विचारले नाही. ९९९९ खेळ म्हणजे वेग आणि अडचण बदलून पुन्हा पुन्हा येणारे मोजके खेळ, हे चार दिवसांत कळे. टीव्हीला जोडायच्या यंत्रांतही निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकलाच चालल्या. मुंबईच्या मिताशी कंपनीचे 'गेम इन' हे त्या पिढीच्या ओळखीचे नाव. मारिओ महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आला, पण निन्टेन्डो आली नाही.

१६.
त्यानंतरचे बाजार कलम फिनलंडहून आले. १९९७ मध्ये नोकियाच्या ६११० या फोनवर तानेली आर्मान्तो यांनी लिहिलेला स्नेक हा खेळ होता. २००३ चा नोकिया ११०० धूळ सोसणारा, टॉर्च असलेला, स्वस्त फोन. जगभर तो २५ कोटींहून अधिक खपला. स्नेक खेळण्यासाठी वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नव्हते. गंमत अशी की त्याच २००३ मध्ये नोकियाने मोठ्या थाटात एन-गेज हे गेमिंगचे खास यंत्र आणले. पहिल्या आवृत्तीत खेळ बदलायचा तर बॅटरी काढावी लागे. एकाच कंपनीचे दरबार कलम बुडाले आणि बाजार कलमाने देश व्यापला.

१७.
सोनीने मात्र भारताकडे काही काळ गांभीर्याने पाहिले. २००९ मध्ये पीएसपीवर 'देसी अड्डा' आला. त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंग असे खेळ होते. पाठोपाठ मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' आला. प्रयत्न प्रामाणिक होता. पण विटीदांडू खेळण्यासाठी परदेशी यंत्र घ्यावे, हे गणित बहुसंख्य घरांत बसणारे नव्हते. आणि ज्या यंत्रावर हे खेळ होते ते यंत्रच काही वर्षांत बंद झाले. आज ते खेळ सहज मिळत नाहीत. आपल्या मातीतल्या खेळांची ही डिजिटल रूपे अशी एका परकीय यंत्राच्या आयुष्याशी बांधली गेली.

१८.
५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले आणि स्वस्त डेटाने उरलेली लढाई संपवली. भारताचा हँडहेल्ड कन्सोल ठरला: खिशातला फोन. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला आणि चौघांचा डाव पुन्हा मांडला गेला, या वेळी माळ्यावरच्या सतरंजीऐवजी पडद्यावर. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने त्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानांतून हटवला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. बंदीची कारणे योग्य होती की अयोग्य, हा वेगळा विषय. मुद्दा असा की कोट्यवधी मुलांचा डाव कोणा तिसऱ्याच्या एका आदेशाने मोडू शकतो, हे बावन्न पानांच्या बाबतीत कधी शक्य नव्हते.

१९.
याहून बोलके उदाहरण पुण्याचे आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ घडवला. हरवलेल्या भावाला शोधणारी राजी, दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वास्तूंची आठवण करून देणारे महाल, असे त्याचे विश्व. हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये सर्वप्रथम निन्टेन्डो स्विचवर आला. इतर यंत्रांवर तो ऑक्टोबरमध्ये पोहोचला. म्हणजे पुण्यात घडलेला, भारतीय कथेचा खेळ ज्या हँडहेल्डवर पहिल्यांदा अवतरला, ते यंत्र पुण्यात अधिकृतपणे विकलेच जात नव्हते. स्विचच्या भाषांच्या यादीत एकही भारतीय भाषा नाही. आपली कारागिरी दरबारात पोहोचली. आपला बाजार दरबाराच्या नकाशावर नाही.

२०.
इथे सोलापूरचा अनुभव आठवतो. १८७७ मध्ये इथे पहिली कापड गिरणी, म्हणजे आपली 'जुनी गिरणी', सुरू झाली. त्या काळी पैज लावली असती तर कोणीही गिरणीच्या धुराड्यावरच लावली असती. आज ती गिरणी इतिहासजमा आहे, आणि शहराचे नाव जगात नेले ते घराघरांतल्या, लहान शेडमधल्या मागांवर निघालेल्या चादरीने. त्या चादरीवरची नक्षी जॅकार्डने येते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोझेफ जॅकार्डने रूढ केलेली ही युक्ती: भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ मागावर चढवायची, जिथे भोक तिथे धागा उचलला जातो. माग तोच ठेवून कार्डे बदलली की नक्षी बदलते.

२१.
यंत्र आणि कार्ड वेगळे करण्याची ही कल्पना गेमच्या कार्ट्रिजचीच पूर्वज म्हणता येईल. मात्र एक भेद आहे. जॅकार्डचा माग परदेशी बनावटीचा असला तरी कार्डे सोलापुरात पाडता येत होती. इथला नक्षीकार कागदावर चौकटी भरी, त्यावरून भोके पाडली जात, आणि मोर, फुले, अक्षरे चादरीवर उतरत. माग बनवणाऱ्याने 'माझ्या परवानगीशिवाय कार्ड चालणार नाही' असे कुलूप त्यात बसवले नव्हते. तसे कुलूप असते तर सोलापुरी चादर नावाची वस्तू जन्मली असती का? माझ्या मते नाही.

२२.
यावर एक रास्त आक्षेप येईल: कुलूप नसेल तर नकला होतात. याचे उत्तर सोलापूरकराने हात झटकून देऊ नये. पानिपतच्या स्वस्त नकलांनी आपल्या चादरीचे काय केले, हे इथल्या कोणत्याही विणकराला विचारा. भौगोलिक मानांकन मिळूनही ती तक्रार संपलेली नाही. ब्रिक गेमच्या नकलेने आपण खेळलो आणि चादरीच्या नकलेने आपण पोळलो. नकलेची दोन्ही अंगे या शहराने पाहिली आहेत. म्हणून माझे म्हणणे चोरीच्या बाजूचे नाही. दुसऱ्याची नक्षी उचलणे एक आणि आपली नवी नक्षी चढवायला माग मोकळा असणे दुसरे. कायद्याने पहिले रोखावे. यंत्राच्या रचनेने दुसरे अडवू नये.

२३.
आता अंदाज. पहिला क्रमांक निन्टेन्डोचा. कारण तिसरी अट तिच्याच बाजूने आहे: पोकेमॉन, मारिओ, झेल्डा दुसरीकडे मिळत नाहीत, आणि पहिल्या स्विचचे १५ कोटींहून अधिक ग्राहक आपले बहुतेक जुने खेळ घेऊन नव्या यंत्रावर जाऊ शकतात. स्टीम डेक आणि अ‍ॅलाय यांचे खेळ घरच्या संगणकावरही चालतात. त्यामुळे ती यंत्रे सोयीची वाटली तरी अपरिहार्य वाटत नाहीत. एक्सबॉक्सच्या नावाचे वरच्या दर्जाचे यंत्र अमेरिकेत २०२५ मध्ये हजार डॉलरला आले. ते दरबार कलम होय. आरओजी अ‍ॅलाय भारतात २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना आला, हेही लक्षात घ्या.

२४.
माझा अंदाज कुठे चुकू शकतो, तेही सांगायला हवे. योकोईच्या वाटेवरून निन्टेन्डो स्वतःच थोडी बाजूला गेली आहे. पहिला स्विच ३०० डॉलरला आला होता, दुसरा ४५० ला. थ्रीडीएसच्या वेळी चढ्या किमतीने जो फटका दिला तो पुन्हा बसू शकतो. शिवाय स्विच २ च्या अनेक खेळांची कार्डे 'गेम-की' प्रकारची आहेत. त्या कार्डात खेळ नसतोच, तो इंटरनेटवरून उतरवून घेण्याची केवळ किल्ली असते. पत्त्यांच्या दुकानातून निघालेल्या कंपनीने रिकामे पान विकावे, हे मला खटकते. किंमत वाढत राहिली आणि दरम्यान कोणी दोनशे डॉलरचा मोकळा हँडहेल्ड आणला, तर आकडे फिरू शकतात.

२५.
म्हणून दुसऱ्या क्रमांकाकडे माझे अधिक लक्ष आहे. व्हॉल्व्हचा स्टीम डेक लिनक्सवर उभा आहे. तो उघडता येतो, त्यावर दुसरी प्रणाली घालता येते, स्वतः लिहिलेला खेळ कोणालाही न विचारता चालवता येतो. आज तोही भारतात अधिकृतपणे मिळत नाही आणि स्वस्तही नाही. पण तंत्रज्ञान सुकते. आज जे दरबारात आहे ते दहा वर्षांनी बाजारात येते. त्या वेळी आपल्या हाती येणारे सुकलेले यंत्र मोकळे असेल की कुलूपबंद, हे आजच्या लढाईत ठरते आहे. भारतीय वाचकाने या स्पर्धेकडे पाहण्याचे खरे कारण हे आहे. स्विच २ किती खपला, हा क्योतोच्या ताळेबंदाचा विषय आहे.

२६.
कोणतेही नवे यंत्र आले की मी एक साधी कसोटी लावतो: यावर मेंढीकोट मांडता येईल का? अर्थात उद्या एखाद्या मुलाला आपल्या गल्लीचा, आपल्या बोलीचा, आपल्या नियमांचा खेळ रचून मित्राच्या यंत्रावर देता येईल का? सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी बोलली जाते. तिथला खेळ कोणत्या भाषेत बोलेल? ज्या यंत्राचे उत्तर 'आधी आमची परवानगी घ्या' असे असेल, ते कितीही कोटी विकले गेले तरी आपल्यापुरते ते गंजिफेचे दरबार कलम आहे: पाहावे, वाखाणावे, परत ठेवावे.

२७.
शेवटी इतिहासप्रेमी मित्रांना एक विनंती. ब्रिक गेम, 'गेम इन'ची यंत्रे, जुने नोकिया हे आपल्या पिढीच्या बालपणाचे अस्सल साधन-साहित्य आहे, आणि त्यांचे संग्रहालय कोणी उभारलेले नाही. घरात एखादे सापडले तर भंगारात देऊ नका. कधी घेतले, कुठून घेतले, कितीला पडले, कोण कोण खेळायचे, एवढे एका कागदावर लिहून त्यासोबत ठेवा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना मेंढीकोटात हुकूम कसा ठरवायचे ते विचारा. तुमच्या गावची रीत या धाग्याखाली लिहा. सोलापूरची मी लिहितो. रीती जुळणार नाहीत याची मला खात्री आहे, आणि त्या न जुळणे हाच त्या खेळाच्या मोकळेपणाचा पुरावा आहे.